नवरी, करवली आणि छत्रीतला समुद्र

आमच्या भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, ही एक उणीव मी मान्य करतो. बाकी काही कमी नाही. तलाव तर इतके, की बगळ्याला सकाळी कुठे उतरावं हे ठरवता ठरवता दुपार होते. समुद्राची जी काही थोडी गरज होती ती आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेनं भागवली. कोणतं कॉलेज ते सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून दर्शनाला रांगा लागतील. तिथल्या काचेच्या कपाटात, एक तारामासा आणि एक पाय तुटलेला खेकडा यांच्या मधोमध, दोन बरण्या होत्या. कागदावर मी प्रयोगशाळा परिचर, म्हणजे काचा पुसणारा आणि बेडूक मोजणारा. पण त्या दोन बरण्यांपुरता मी समुद्राचा राजा होतो, कारण त्यातला माल मी स्वतःच्या हातानं आणला होता.

माल म्हणजे समुद्री गोगलगाई. पाठीवर शंख नाही, घर नाही, दार नाही. डोक्यावर दोन शिंगं आणि मागे कल्ल्यांचा फुलासारखा तुरा. पंधराएक वर्षांपूर्वी आमचे सर पोरापोरींची सहल घेऊन कोकणात गेले, तेव्हा डबे वाहायला मला नेलं होतं. मी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गोसीखुर्द धरणाचं. समुद्रावर पोचलो, आणि तासाभरात पाणी मागे मागे जायला लागलं. मी सरांना म्हणालो, "सर, गेट कोनं उघडले? हे सारं पानी कोनत्या कालव्यात सोडून राह्यले?"

सर इतके हसले की खडकावर बसले. म्हणाले, "गेट चंद्राकडं आहे. तू डबा धर."

पाणी गेलं तशी खडकांतली डबकी उघडी पडली आणि त्या डबक्यांत मी ती पाहिली. मी नंतर पोरांना सांगत आलो की ती वासराएवढी होती, तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि तिला डब्यात घालायला चार माणसं लागली. ती करंगळीएवढी होती. पण रंग असा, की त्याबाबतीत खोटं बोलायची सोयच नव्हती. गर्द जांभळं अंग, त्यावर पिवळे ठिपके आणि अंगाभोवती झालरीसारखा जो पदर असतो त्याच्या काठाला सोन्याची अखंड पिवळी किनार. शेजारच्या डबक्यात तिच्याचसारख्या आणखी होत्या. तेच जांभळं, तेच ठिपके. फक्त किनार अखंड नव्हती, तुटक तुटक टिकल्या लावल्यासारखी होती. सर म्हणाले, या दोन वेगळ्या जाती आहेत, सख्ख्या बहिणीसारख्या जवळच्या. पोरींनी लगेच बारसं केलं. अखंड किनारीची ती नवरी, टिकल्यांची ती करवली. लग्नात तुम्ही पाहिलंच असेल, करवली नवरीएवढीच नटते, दुरून ओळखू येत नाही, पण जरीकाठ कोणाचा खरा ते जवळ गेल्यावर कळतं.

तीन नवऱ्या मिळाल्या आणि सात करवल्या. सरांनी नोंदवहीत तसं लिहिलं. एका बरणीत नवऱ्या, दुसरीत करवल्या, अशा फॉर्मलिन भरून कॉलेजात आणल्या. चिठ्ठ्या चिकटवायला गोंद नव्हता, म्हणून मी डब्यातल्या भाताची खळ केली. आमच्याकडे पतंगापासून पत्रिकेपर्यंत सगळं भातानंच चिकटतं.

आता फॉर्मलिनचा एक दुर्गुण आहे. जीव टिकवतो, रंग खातो. महिन्याभरात नवरी पांढरी आणि करवलीही पांढरी. जांभळं नाही, सोनं नाही. दहाच्या दहा उकडलेल्या शिंगाड्यासारख्या झाल्या. बरणीवर चिठ्ठी होती म्हणून नवरी ती नवरी.

पुढची गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. मी, जो पोटात पाण्याचा घोटही ठेवत नाही, तो ही गोष्ट ठेवून बसलो होतो. सर रिटायर व्हायच्या वर्षी कॉलेजात तपासणी होती. बरण्यांवर हिरवट थर चढला होता. मी ठरवलं, धुऊन चकाचक करू. आणि आम्ही धानाच्या मुलखातली माणसं तांदूळ जसे धुतो तसा मी विचार न करता दोन्ही बरण्या एकाच घमेल्यात उपड्या केल्या. दोन पाण्यांनी धुतल्या. दुसरं पाणी ओतताना एक जण पाण्याबरोबर मोरीत गेली. खळीच्या चिठ्ठ्या भिजून तरंगायला लागल्या. घमेल्यात नऊ पांढरे शिंगाडे, आणि कोणती कोण ते एका ब्रह्मदेवाला ठाऊक. मी न्यायबुद्धीनं वाटणी केली. पाच इकडे, चार तिकडे. चिठ्ठ्या परत चिकटवल्या. पुन्हा भातानं. तपासणीवाले आले, म्हणाले, बरण्या किती स्वच्छ! सर माझ्याकडे पाहून हसले. पुढे सर रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेलेच. सांगायचं राहून गेलं.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, ती बपेरा गावची मुलगी आठवते का? आपल्याकडे बी.एस्सी. केलं ती. ती आता किनाऱ्यावर संशोधन करते, समुद्री गोगलगाईंवर. आपल्या त्या दोन बरण्या बघायला उद्या येतेय."

"येऊ द्या ना जी," मी म्हणालो. मग फडकं घेऊन दोन्ही बरण्या उगाच पुसत बसलो.

ती आली. तीच बपेऱ्याची, वर्गात पहिल्या बाकावर बसून माझ्या थापांवर सगळ्यांत मोठ्यानं हसणारी. आता पाठीवर सॅक, हातात भिंग, बोलणं अर्धं पुस्तकी. पण दारातच ओरडली, "काका! वासराएवढीवाली कुठी हाय?"

"लहान झाली थे," मी म्हणालो. "म्हातारपण कोनाले चुकलं?"

मग तिनं मॅडमना सगळं उलगडून सांगितलं आणि मी फडकं हातात धरून ऐकत राहिलो. ती याच दोन बहिणींवर काम करते. करवली त्या किनाऱ्यावर आजही डझनांनी मिळते. नवरी मात्र तिला तीन वर्षांत एकही मिळाली नाही. कोणाकडे त्या किनाऱ्यावरची नवरी ठेवलेली नाही, कुठे फोटो नाही. आहे ती फक्त आमच्या बरणीत, सरांच्या अक्षरात. तिचं म्हणणं, नवरी तिथे होती आणि आता नाहीशी झाली. तिचे मार्गदर्शक म्हणतात, नव्हतीच. कधी कधी करवलीच्या टिकल्या जुळून अखंड दिसतात, तुमचे सर तिथे फसले. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता. त्यातलं एक अख्खं प्रकरण आमच्या बरणीवर उभं होतं.

बरणी टेबलावर आली. तिनं चिठ्ठी वाचली. "नवरी, नग तीन." मग मोजलं. पुन्हा मोजलं. दुसरी बरणी उचलली. "करवली, नग सात." मोजलं.

"मॅडम, इथं तीनच्या जागी पाच आहेत. आणि तिकडं सातच्या जागी चार."

माझं तोंड माझ्या आधी सुटलं. सवयच तशी. "अवो, इतकी वर्सं एकाच कपाटात ठेवल्या तर दोन करवल्या माहेर सोडून नवरीपाशी गेल्या असतील. पाठराखीन म्हनून!"

ती हसली, पण हसू गालावर टिकलं नाही. खुर्चीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे सरांची मोजणीच चुकली होती. ज्याची मोजणी चुकते त्याच्या ओळखीवर कोण भरवसा ठेवील? माझे मार्गदर्शकच बरोबर बोलत होते. ते प्रकरण काढूनच टाकावं लागेल."

माणूस आयुष्यात हजार थापा मारतो आणि एकीचंही ओझं होत नाही, कारण त्या हवेत जातात. ही एकच थाप मी मारली नव्हती, नुसती गप्प राहिलो होतो, आणि ती पोरीच्या तीन वर्षांवर जाऊन बसली होती. वर मेलेल्या सरांना चुकलेले ठरवत होती. मोजायला चुकणारे सर! ज्यांनी सहलीत मला दर स्टेशनावर डबे मोजायला लावले, ते सर!

"सर चुकले नाई," मी म्हणालो. "मी चुकलो. मी घमेल्यात कालवल्या. तांदूळ धुतल्यावानी. एक मोरीत गेली, नऊ राह्यल्या, मी पाच-चार वाटून देल्ल्या."

मग बपेऱ्याची पोर उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यले ना तुमी?"

"नाई व माय! खरं हाय!"

"वासरूही खरंच होतं ना?" मॅडम म्हणाल्या. "आणि ती मान हलवणारी? आणि गेल्या वर्षी तपासणीवाल्यांना सांगितलंत, आपला खेकडा भूकंपाच्या आधी टकटक करतो. त्यांनी लिहून घेतलं ते!"

आता काय करावं! भर प्रयोगशाळेत, दिवसाढवळ्या, एक माणूस जन्मात पहिल्यांदा आपला गुन्हा कबूल करतोय आणि त्याला आरोपी म्हणून कोणी उभं करून घेत नाही! मी कपाळावर हात मारला. म्हणालो, "मंग वेगळ्या करा. नवाच्या नऊ बाहेर काढा. तीन नवऱ्या निघाल्या तर मी खरा आनि सरही खरे. नाई निघाल्या तर माया शब्दाले शेनाचा पो म्हना."

तिचे डोळे चमकले. "पण कशावरून ओळखायच्या? रंग तर गेला."

"तुले माहीत. तू शिकली."

ती म्हणाली, एक खूण आहे. दोन्ही जातींच्या पदराखाली, काठाच्या आत, कडू रसाचे बारीक पांढरे दाणे असतात, मासा खायला आला तर त्याला नकोसं व्हावं म्हणून. ते फॉर्मलिनमध्ये टिकतात. करवलीला ते फक्त मागच्या अंगाला असतात, पाच-सहा. नवरीला, पुस्तकं सांगतात, सगळीकडून गोल. पण पांढऱ्या अंगात पांढरे दाणे, तेही मोहरीपेक्षा लहान. दिसले तर नशीब.

हातमोजे चढवून तिनं नऊच्या नऊ पांढऱ्या तामचिनीच्या ट्रेमध्ये मांडल्या. भिंग लावलं. मॅडमनी दिवा धरला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पांढऱ्या ट्रेवर पांढऱ्या गोगलगाई, त्यांत पांढरे दाणे. दुधात साखर पडली की दिसते का? तिनं भिंग ठेवलं आणि डोळे चोळले.

आणि मला आमची आई दिसली. आमच्या एकोडी गावच्या अंगणात बसलेली, रोवणीच्या आधी बियाण्याचं धान निवडणारी. चांगल्या धानात जंगली धान मिसळलेलं असतं. दाणा सारखाच, फक्त टोकाला केसासारखी पांढरी कूस. सुपात ती दिसत नाही, म्हणून आई काळी घोंगडी अंथरायची. त्यावर मूठभर धान पसरायची आणि बाजूनं ऊन येईल अशी बसायची. काळ्यावर एकेक कूस विजेसारखी चमकायची. गल्लीतल्या बाया आपापलं बियाणं घेऊन आमच्या घोंगडीवर यायच्या.

"काळं पायजे!" मी ओरडलो. "पांढऱ्यावर कोनी बियानं निवडते का?"

प्रयोगशाळेत काळं काही नव्हतं. फळाही हिरवा. बाहेर पाऊस, आणि कोपऱ्यात माझी छत्री, काळीकुळकुळीत, नुकतीच झटकलेली. मी ती उघडली, उलटी केली, दांडा टेबलावरच्या लोखंडी स्टँडमध्ये अडकवला आणि आत दोन मग पाणी ओतलं.

"अहो!" मॅडम म्हणाल्या. "हे काय?"

"समुद्र," मी म्हणालो. "भंडारा जिल्ह्याला हाच सोसते."

पोरगी मात्र हसली नाही. तिनं पहिली गोगलगाय चिमट्यानं छत्रीत सोडली, मोबाईलचा उजेड बाजूनं तिरपा लावला आणि एकदम श्वास ओढला. काळ्यावर त्या उकडलेल्या शिंगाड्याचं अंग काचेसारखं झालं होतं, आणि मागच्या बाजूला, पदराच्या आत, सहा दाणे. पांढरेशुभ्र, तांदळाच्या कणीसारखे.

"करवली!" ती ओरडली.

दुसरी. करवली. तिसरी. करवली. चौथी सोडली आणि तिनं उजेड आणखी जवळ आणला. दाणे मागे होते, बाजूला होते, डोक्याशी होते. गोल. सबंध. बाशिंगाच्या मोत्यांसारखे.

"काका..."

"नवरी!" मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या वर्गातला तास थांबला. हे अजिबात वाढवून सांगत नाही. तास घेणारे गृहस्थ स्वतः वर येऊन विचारून गेले, कोणाचं लग्न आहे.

पाचवी करवली. सहावी नवरी! मॅडम एव्हाना खुर्चीवर चढून वरून दिवा धरत होत्या, आणि एरवी ज्या मला "अहो, जरा हळू बोला" म्हणतात त्याच म्हणत होत्या, "पुढची टाक ना गं, पुढची टाक!" सातवी करवली. आठवी करवली.

दोन नवऱ्या झाल्या. एक उरली. तीन व्हायला हव्यात. आणि छत्री गळायला लागली. जुनी छत्री, माझ्या डोक्यावर गळते तर टेबलावर काय मुरवत ठेवणार? पाणी काड्यांवरून टपटप मॅडमच्या हजेरीबुकावर.

नववी आत गेली. तिचा पदर आत गुंडाळलेला, मुठीसारखा घट्ट. मागे चार दाणे दिसत होते, पुढे काहीच नाही.

"करवली," मॅडम हळूच म्हणाल्या.

पोरीनं चिमटा खाली ठेवला. म्हणजे दोन नवऱ्या, सात करवल्या. मोरीत गेली ती नेमकी नवरीच होती असं म्हणावं लागलं असतं, आणि माझ्या तोंडून ते कोण मानणार? दोन तरी निघाल्या म्हणून तिचं काम कदाचित भागलं असतं, पण सरांची मोजणी चुकलेलीच राहिली असती, आणि चुकलेल्या मोजणीचं काय होतं ते तिनं मघाशीच सांगितलं होतं.

"पदर उलगड," मी म्हणालो. "पदर घेतलेल्या बाईले पाहून नवरी का करवली कोन सांगू शकते?"

"तुटेल, काका. पंधरा वर्षांची हाय."

"सावकाश. धानाचे परे उपटताना रोपाचं मूळ सोडवतो तसं. वढू नको. पान्यातच हालव."

तिनं दोन सुया घेतल्या. मी छत्री धरली, तळहातानं खालचं भोक दाबून. मॅडमनी श्वास धरला. तीन मिनिटं धरला असेल, हे मी घड्याळ लावून सांगू शकतो, घड्याळ नसलं तरी. पाण्यात पदर एकेक सूत सुटत गेला. डाव्या बाजूला एक दाणा. मग दुसरा. मग डोक्याशी, ओळीनं, तीन, चार, पाच.

ती मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसत म्हणाली, "तीन हायत, काका! तीनच हायत!"

तीन नवऱ्या, सहा करवल्या, आणि एक करवली मोरीत. नोंदवहीत तीन आणि सात. सर एका नगानंही चुकले नव्हते. मी छत्री सोडून नाचलो. छत्री सोडायला नको होती. नऊच्या नऊ टेबलावर वाहून आल्या, आणि खुद्द मॅडमनी पदर खोचून दोन्ही हातांची धरणं बांधली तेव्हा कुठे वाचल्या. या वेळी मोरीत एकही गेली नाही. पोरीनं पुन्हा दाणे पाहून त्या दोन बरण्यांत वेगळ्या केल्या.

पण काम तिथे संपलं नाही. ती म्हणाली, "काका, जे झालं ते लिहून द्या. तुमच्या हातानं, सहीनिशी. बरण्या कशा मिसळल्या ते प्रबंधाला जोडावं लागेल."

प्रयोगशाळेच्या टेबलावर बसून मी लिहायला घेतलं. पहिल्या ओळीतच समुद्रावर वादळ आलं. मॅडमनी ते खोडलं. दुसऱ्या ओळीत घमेलं सोन्याचं नव्हतं पण पितळेचं झालं होतं, तेही खोडलं. "लोखंडाचं होतं ना? लोखंडाचं लिहा." एका पानाला माझी सबंध दुपार गेली. धानाचे दोन एकर एकट्यानं रोवले असते तेवढ्या वेळात. शेवटी सात ओळी उरल्या. बोडकं पान. त्यात एकही वासरू नव्हतं. सातवी ओळ अशी होती: "एक नग माझ्या हातून मोरीत गेला. मी सरांना सांगितलं नाही."

मी सही केली. ती ओळ मॅडमनी वाचली आणि खोडली नाही.

घरी येऊन बायकोला म्हणालो, आज मी खरं लिहून दिलं. ती भाकर थापताना वर न बघता म्हणाली, "हाव, आनि उद्या सूर्य उत्तरेच्या बपेऱ्याकडून उगवंल."

प्रकरण राहिलं. मार्गदर्शकांनी छत्रीचा फोटो तीन वेळा मागवला म्हणे, विश्वास बसेना म्हणून. पोरगी जाताना दोन नव्या चिठ्ठ्या करून गेली. पेन्सिलीनं लिहिलेल्या, बरणीच्या आतच सोडलेल्या, म्हणजे खळीची गरजच नाही. "नवरी, नग तीन. करवली, नग सहा." सहाच्या खाली तिनं बारीक अक्षरात लिहिलं आहे, "एक हरवली, नोंद पाहा." पोरं बरण्या पाहायला येतात, ते वाचतात आणि विचारतात, काका, ती एक कुठे गेली?

नोंद कपाटातच आहे, ती मी आधी वाचायला देतो. सात ओळी, त्यांना सात मिनिटंही लागत नाहीत. मग ते पुढची गोष्ट ऐकायला तसेच माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहतात. त्यांचा दोष नाही. मग मी सांगतो की कॉलेजची मोरी नाल्याला मिळते, नाला वैनगंगेला आणि वैनगंगा गोसीखुर्दला. तिथं आता ती आहे. गोड्या पाण्यावर चांगली पोसली आहे. सध्या म्हशीएवढी आहे, आणि धरणाचे गेट उघडायचे असले की आधी तिला विचारतात.